दिवाळीला घरी आलेली पोरं परत काऊन जात नाहीत?

झेरॉक्सवाला
१६ जानेवारी, रात्री १०:१२

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइन फॉर्म अन् झेरॉक्सचं दुकान आहे. बारावीचा निकाल लागला की पुढचे दोन महिने मी जेवायलाही घरी जात नाही, डबा दुकानात येतो. सीईटी, कॅप (कॉलेज प्रवेशाच्या फेऱ्या), महाडीबीटी (शिष्यवृत्तीची साइट), उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सगळं करतो. बारा वर्षं झाली. शिक्षणाच्या बाबतीत आपण गावासाठी बरंच काही करून रायलो, असा एक समज होऊन बसला होता.

काल दुपारी एक पोरगी ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित मजुरांचं कार्ड, काढायला आली. आधार टाकलं, स्क्रीनवर नाव आलं अन् मी वर पाहिलं. हिचा कॅपचा फॉर्म मीच भरला होता की जुलैत. पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. बारावी सायन्स, ६३ टक्के. त्या पोडावरून सायन्स घेऊन बारावी होणारी पहिलीच. नागपूरकडच्या एका कॉलेजात बी. फार्म.ला नंबर लागला तेव्हा तिच्या बापानं कागदाच्या पुडीत रानातली चारोळी आणून दिली होती मले.

म्हटलं, "अवं, तुझं कॉलेज?"

"सोडलं जी काका."

चहा मागवला, बसवलं. हळूहळू निघालं ते असं. कॉलेज सप्टेंबरात सुरू झालं. वसतिगृहाची यादी तेव्हा लागलीच नव्हती. चार पोरींत एक खोली, वाट्याला दीड हजार भाडं, मेसचे अठ्ठावीसशे. बापानं कृषी केंद्रातून खताच्या नावावर उधारी उचलली अन् रोख दहा हजार हातावर ठेवले (हा व्यवहार ज्यांना कळतो त्यांना कळेल, बाकीच्यांनी सोडून द्या). फी माफ आहे हे तिला माहीत होतं. ॲप्रन, प्रॅक्टिकलच्या वह्या, ओळखपत्र, कसली कसली वर्गणी, हे कोणी सांगितलं नव्हतं. दसऱ्यापर्यंत पैसे संपले. दिवाळीला घरी आली तर वावर पांढरं झालेलं अन् मजूर मिळेना. पंधरा दिवस वेचणीला राहिली. तेवढ्यात हिवाळी परीक्षेच्या फॉर्मची तारीख गेली. वर्गाच्या ग्रुपवर सूचना आली होती म्हणे, पण रिचार्ज संपला होता. वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव नोव्हेंबरात लागलं आहे. हे तिला काल कळलं, मी साइट उघडून दाखवली तेव्हा.

मी रागावलो थोडा. मले एक फोन करायचा होता, नाही तर तिथल्या मॅडमला सांगायचं होतं. त्यावर म्हणे, "कोणी जाय म्हटलं नाही काका, पण कोणी ये बी म्हटलं नाही."

ई-श्रमचा फॉर्म मी भरला नाही. साइट बंद आहे म्हणून सांगितलं. खोटं बोललो.

रात्री जुनं रजिस्टर काढून ज्यांचे ज्यांचे प्रवेश माझ्या दुकानातून झाले त्यांना फोन लावत बसलो. पुष्कळ जण घरी आहेत. कोणी पोलीस भरतीचं ग्राउंड मारतो, कोणी पुण्याला कंपनीत कंत्राटी लागला, पोरींची लग्नं झाली. अन् जवळपास सगळ्यांनी सोडलं ते पहिल्याच वर्षी, दिवाळी ते संक्रांतीच्या मधात.

मार्कांनी हे लेकरू पडलं नाही. मग कशानं पडलं, अन् आपल्यासारख्यानं नेमकं काय केलं पाहिजे? अनुभव असलेल्यांनी लिहा. योजनांची यादी टाकू नका, ती माझ्या दुकानाच्या दारावर लावलेली आहे.

कापूसकोंड्या
१६ जानेवारी, रात्री १०:५८

वाईट वाटलं वाचून. पण कडू बोलतो. फी माफ, वसतिगृह, वरून भत्ता. मुलींना तर आता फीच नाही. एवढं असून रिचार्ज संपला म्हणून कॉलेज सुटतं? आमच्या वेळी आम्ही सायकलनं चौदा किलोमीटर जात होतो. जिद्द नावाची काही चीज असते की नाही.

वेचणीला मजूर मिळत नाही हे मात्र शंभर टक्के खरं. माझाही दोन एकरातला कापूस झाडालाच आहे.

डेस्क_एक
१७ जानेवारी, सकाळी ७:३१

मी एका अनुदानित कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल पाहतो. तुमचा अर्ज ज्याच्याकडं 'प्रलंबित' दिसतो तो मीच. शिव्या खायची सवय आहे, तेव्हा मोकळेपणानं लिहितो.

कापूसकोंड्या भाऊ, मुलींच्या फीचा शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा. त्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींना शिष्यवृत्ती आधीपासून आहेच. यात खोली नाही, मेस नाही, ॲप्रन नाही. माझ्या टेबलासमोर रडलेलं एकही पोरगं शिक्षण शुल्कापायी रडलेलं नाही. दोन-तीन हजारांपायी रडतात, अन् तेही सप्टेंबरात.

आता पैसे येतात कसे ते पाहा. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के. केंद्राचा वाटा २०२१-२२ पासून थेट पोराच्या खात्यात पडतो आणि त्यातली फी त्यानं कॉलेजला भरायची असते. हे घरी कोणी समजावून सांगितलेलं नसतं. खात्यात एकदम तीस-चाळीस हजार दिसले, बोअरची मोटर जळालेली आहे, बहिणीचं लग्न ठरलेलं आहे. बापाला वाटतं सरकारनं पोराला दिले. खर्च झाले. मग आमचे लोक त्याचं हॉल तिकीट धरून ठेवतात. यात चोर कोण, सांगा बरं?

दुसरं, खातं. 'बँकेला आधार लिंक आहे' म्हणजे पैसे त्याच खात्यात येतील असं नाही. आधार ज्या खात्याला शेवटचं सीड झालं, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी जोडलं गेलं, तिथं पैसे जातात. गेल्या वर्षी एका पोराची रक्कम 'जमा' दाखवत होती अन् पासबुकात छदाम नव्हता. तीन महिने शोधलं. सिमकार्ड घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन एक पेमेंट खातं उघडून दिलं होतं, त्यात पडले होते. पोराला असं काही खातं आहे हेच माहीत नव्हतं. आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' दोन मिनिटांत दिसतं. झेरॉक्सवाले भाऊ, फॉर्म भरायच्या आधी ते पाहत जा. पुढची अर्धी भांडणं वाचतात.

त्या मुलीबद्दल: टीसी काढू देऊ नका. कॉलेजनं प्रवेश रद्द केला आहे, की फक्त टर्म ग्रँट (त्या सत्राला मंजुरी) झाली नाही, हे लेखी विचारा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोंडी विचाराल तर खिडकीवरचा माणूस 'नाही होत' एवढंच म्हणेल. मी स्वतः म्हणतो तसं, घाईत असलो की.

मूळ कागदपत्रं कॉलेजनं ठेवून घेतली असतील तर मागून घ्या. यूजीसीनं २०१८ मध्येच सांगितलं आहे की पडताळणी करून मूळ प्रमाणपत्रं परत द्यायची.

शाळामास्तरीण
१७ जानेवारी, दुपारी १:०५

डेस्क एक यांना दंडवत. हे असं लिहिणारा बाबू आमच्याकडं असता तर माझे केस इतके पांढरे झाले नसते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात केमिस्ट्री शिकवते, वर्धा जिल्ह्यात. झेरॉक्सवाले दादा, तुमच्या पोरीकडे जात वैधता (जातीचा दाखला तपासून मिळणारं प्रमाणपत्र) कशी काय वेळेत आली? आमच्याकडे आदिवासी पोरांचं तिथंच अडतं.

२०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशाचा एकूण नोंदणी दर (१८ ते २३ वयाच्या शंभरांमागे कॉलेजात नाव असलेले) २८.४ आहे, अनुसूचित जातींचा २५.९ आणि जमातींचा २१.२. मी हे आकडे दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण हा नोंदणीचा दर आहे. ज्या पोरीनं सप्टेंबरात नाव घातलं आणि दिवाळीनंतर कापूस वेचला, तीही यात 'शिकते' म्हणून मोजली जाते.

झेरॉक्सवाला
१७ जानेवारी, दुपारी २:४०

ताई, तिच्या काकाच्या पोराला वैधता मिळालेली होती. ती जोडली म्हणून निघालं. बापाकडच्या रक्ताच्या नात्यात एकाची निघाली की मागच्यांचं सोपं जातं. पण पहिल्यावाल्याचे हाल कुत्रा खात नाही. त्या पोराच्या वेळी आम्ही आजोबांच्या शाळेचा दाखला शोधत फिरलो. आजोबा शाळेतच गेले नव्हते! शेवटी कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, पणजोबाच्या नावापुढं जात सापडली, मोडी अन् मराठीच्या खिचडीत. अनुसूचित जमातीला १९५० च्या आधीचा पुरावा असला की काम पक्कं होतं, अन् पोडावर १९५० च्या आधीचा कागद म्हणजे काय, तर कोतवालानं लिहिलं असेल ते.

शाळामास्तरीण
१७ जानेवारी, दुपारी ३:१५

अगदी. आमच्याकडं जुन्या प्राथमिक शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं पाहावी लागतात. एका शाळेत ते रजिस्टर वाळवीनं निम्मं खाल्लेलं, आणि उरलेल्या निम्म्यात आमच्या पोराचे चुलत आजोबा. नशीब!

अकरावीतच हे काम सुरू केलं पाहिजे. बारावीच्या निकालानंतर नाही. मी आता अकरावीच्या पहिल्या महिन्यात वर्गात विचारते, घरात कोणाची वैधता आहे का, हात वर करा. ज्यांचे हात वर होत नाहीत त्यांची वेगळी वही. आणि एक: विद्यार्थ्याच्या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं. तरी तहसीलच्या बाहेर सगळे पोरांना स्टॅम्प विकत घ्यायला लावतात.

आदिवासी पोरांसाठी अजून: 'आप्तभाव चाचणी'त बोलीभाषा, देवदेवता, लग्नाच्या चालीरीती विचारतात. पोरगं पहिलीपासून आश्रमशाळेत राहिलेलं, त्याला काय येणार? मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की ही चाचणी म्हणजे जातीच्या दाव्याची एकमेव कसोटी नव्हे. पोरांच्या आईबापांना हे सांगून ठेवा, घाबरून अर्धे लोक सुनावणीलाच जात नाहीत.

तांड्यावरचा
१७ जानेवारी, रात्री ११:४७

कापूसकोंड्या दादा, राग नका मानू, पण जिद्दीवर लिहितोच आता.

मी बंजारा. दिग्रसकडचा तांडा. मायबाप दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीले जात. मी आजीपाशी राहून बारावी केली अन् पुण्याले इंजिनिअरिंगले गेलो. आता नोकरीत आहो, बरं चाललं. पण पहिल्या सेमिस्टरले चार विषय राहिले होते.

जिद्द लय होती जी. मी रोज पहाटे चारले उठत होतो. पण वर्गात सर काय सांगून रायले तेच समजत नव्हतं. बारावीपर्यंत फिजिक्स मराठीत समजावलेलं, पुस्तक इंग्रजीत. इथं सगळंच धाडधाड इंग्रजीत. व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा, हे मले व्हायवाच्या दिवशी समजलं. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, मले उत्तर येत होतं, मराठीत येत होतं. मी गप राहिलो. शून्य. तेव्हापासून कोणत्याही प्रश्नाले गप राहायची सवयच लागली. मेसमध्येही गप. 'रायलो', 'मले' म्हटलं की पोरं हसत. दोन महिन्यांत मी बोलणंच बंद केलं. घरी फोन केला की माय विचारे, जेवला का? म्हणो, जेवलो. बस. तिले काय सांगणार होतो, बॅक लागला म्हणून? ती तोडीवर, कोयता हातात.

दिवाळीले मी पण परत येणार नव्हतो. बॅग भरूनच आलो होतो. मग एक गोष्ट झाली. खोलीतला सिनिअर, नांदेडकडचा, त्यानं फोन केला. "काय रे, गादी तशीच ठेवून गेला, उंदीर लागतील, कधी येतो?" एवढंच. अभ्यासाचं नाव नाही, काही नाही. गादीसाठी म्हणून परत गेलो. खरं सांगतो, हसू नका.

नंतर त्याच दादानं शिकवलं, एटीकेटी म्हणजे नापास नाही, पुढच्या वर्षात जाता येते. मले तर वाटलं होतं चार विषय गेले म्हणजे घरी बसा. पहिल्याच दिवशी हे कोणी सांगितलं असतं तर मी बॅग भरली नसती.

आमच्या वेळी विमुक्त-भटक्यांले खोलीभाड्याची काही योजना नव्हती. आता २०२३-२४ पासून सावित्रीबाईंच्या नावानं आधार योजना आली आहे. चांगली आहे. पण योजना गादीचा फोन करत नाही.

वाचनमात्र_विदर्भ
१८ जानेवारी, सकाळी ८:०२

गादीच्या फोनला +१. वाचनखूण साठवली.

पुणेकर_सध्या
१८ जानेवारी, सकाळी १०:२०

माझं बालपण अकोल्यात गेलं, आता पुण्यात आयटीत आहे. आमच्या ऑफिसातून वापरलेले पण चांगले लॅपटॉप निघतात. दहा-बारा सहज देता येतील. दर रविवारी ऑनलाइन इंग्रजी संभाषणाचे वर्गही घेऊ शकतो. झेरॉक्सवाले, पत्ता कळवा.

झेरॉक्सवाला
१८ जानेवारी, सकाळी ११:१०

भाऊ, मनापासून आभार. पण खरं सांगू? लॅपटॉप नको. म्हणजे नको असं नाही, पण आधी नको. दोन वर्षांमागं एका भल्या माणसानं पाच टॅब दिले होते. एक चालू आहे, त्यावर पोराचा लहान भाऊ कार्टून पाहतो. पोडावर रेंज झाडावर चढल्यावर येते, तुमचा रविवारचा वर्ग झाडावर बसून करावा लागेल.

जून ते सप्टेंबर पैसे द्या. उसने द्या, दान नको. आदिवासी पोरांच्या स्वयम योजनेत नागपूर, पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार मिळतात. त्यात ३२ हजार जेवणाचे, २० हजार राहण्याचे अन् ८ हजार निर्वाहाचे. अनुसूचित जातीच्या पोरांना स्वाधारमध्येही तेवढेच. रक्कम वाईट नाही. पण ती हातात पडेस्तोवर वर्ष सरत येतं, अन् खोलीवाला पहिल्या तारखेला दारात उभा राहतो. आपल्या कास्तकाराकडं रोकडा येतो कापूस निघाल्यावर, दिवाळीच्या आगेमागे. प्रवेश असतो पेरणीच्या तोंडावर, जेव्हा घरातलं शेवटचं नाणं बियाण्यात गेलेलं असतं. कॉलेजचं कॅलेंडर ज्यानं बनवलं त्यानं वावर पाहिलेलं नाही, एवढंच मले या तीन दिवसांत समजलं.

दहा हजार जुलैत, परतफेड योजनेचे पैसे आल्यावर. असं पाच पोरांचं झालं तरी खूप.

पुणेकर_सध्या
१८ जानेवारी, दुपारी १२:३३

हे असं कोणी सांगितलं नव्हतं. पटलं. पण परत नाही आले तर?

झेरॉक्सवाला
१८ जानेवारी, दुपारी १२:४१

तर नाही आले. बँकवाले मोठमोठ्यांचे सोडतात.

कापूसकोंड्या
१८ जानेवारी, दुपारी १:१०

हे वाक्य फ्रेम करून लावा दुकानात.

तांड्यावरचा, तुझं वाचलं. रागावलो नाही. आमच्या सायकलच्या वेळी शिकवणारे सर आमच्याच बोलीत बोलायचे, हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता खरा.

पर्लकोटा
१९ जानेवारी, रात्री ९:२५

मी भामरागडकडची, माडिया आदिवासी. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून आता सरकारी दवाखान्यात आहे. इथं पहिल्यांदाच लिहिते आहे, मराठी चुकली तर सांभाळून घ्या.

दादा, तुमची पोरगी कोलाम. कोलामी काय अन् आमची माडिया काय, मराठीच्या घरातल्या भाषा नाहीत, द्राविडी आहेत. म्हणजे मराठी ही आमची शाळेतली भाषा, इंग्रजी तिसरी. तांड्यावरच्या दादाला इंग्रजीची भीती वाटली, मला तर हॉस्टेलात मराठीचीही वाटायची. पोरी भरभर बोलायच्या, विनोद करायच्या, मला हसायला उशीर व्हायचा. उशिरा हसलं की अजून हसतात.

आमच्याकडं प्रवेशाच्या दिवसांत पर्लकोटा नदीला पूर येतो. पाणी पुलावरून गेलं की भामरागड तुटतं. गडचिरोली जवळपास १८० किलोमीटर. माझ्या वेळी कागद तपासायची शेवटची तारीख अन् पूर एकाच आठवड्यात आले. नेटवर्क नाही, त्यामुळं ओटीपी नाही. वडील लाकडी डोंग्यानं पलीकडं गेले, तिथून जीपनं आलापल्ली, तिथून फोन. समोरच्या माणसाला पूर म्हणजे काय ते समजावण्यातच पैसे संपले. तरी त्या मॅडमनं नाव लिहून घेतलं अन् म्हणाल्या, पाणी उतरलं की या, मी आहे. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. नियमात होतं की नाही देव जाणे.

२०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झालं तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांची नागपूरची फेरी वाचली. पहिल्या मार्कशीटच्या चुकीसाठी नागपूरला जाऊन आलेला माणूसच सांगू शकतो ते काय होतं.

तुमच्या पोरीला माझा नंबर द्यायचा आहे. फार काही सांगणार नाही. कोणाच्या विनोदावर हसायची घाई करू नको म्हणेन.

जुना_छात्र
२० जानेवारी, सकाळी ६:१५

वय ७४. अमरावतीत शिकलो, छात्रालयात राहून. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली हे शाळेच्या भाषणांत सगळे सांगतात. मला त्यांचं श्रद्धानंद छात्रालय अधिक मोठं वाटतं. सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली ठेवायची, हे त्या काळात वऱ्हाडात! कॉलेज काढणं सोपं आहे हो, पोरगं संध्याकाळी सात वाजता कुठं असतं हे पाहणं अवघड.

कामठी स्टेशनावर हमाली करणाऱ्या जाईबाई चौधरी लिहायला-वाचायला शिकल्या आणि १९२२ मध्ये नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. त्यांच्याकडे कोणती योजना होती?

(पहाटे उठल्यानं लांबलं. क्षमस्व.)

डेस्क_एक
२० जानेवारी, सकाळी ९:५०

आजोबा, योजना नव्हती म्हणून तर योजना मागाव्या लागल्या. दोन्ही पाहिजेत. बाकी सात वाजताचं एकदम मान्य.

नर्सिंगवरून आठवलं. पर्लकोटा ताईंचं कॉलेज चांगलं निघालं, पण मे महिन्यात गावोगाव जे एजंट फिरतात त्यांना दारात उभं करू नका. 'शिष्यवृत्तीत सगळं फ्री' म्हणतात, मूळ टीसी-मार्कशीट घेऊन जातात अन् लांबच्या कुठल्यातरी कॉलेजात नाव घालतात. नंतर कागद सोडवायला पैसे. मान्यता आहे की नाही हे त्या-त्या परिषदेच्या साइटवर पाहिल्याशिवाय कागद हातचे सोडू नका.

झेरॉक्सवाला
९ फेब्रुवारी, रात्री ९:०३

धागा वर काढतोय.

काल तिच्यासोबत अन् तिच्या बापासोबत नागपूरला जाऊन आलो. दुकान बंद ठेवलं. डेस्क एक यांनी सांगितल्याप्रमाणं साध्या कागदावर अर्ज लिहून नेला, दोन प्रती, एकीवर शिक्का घेतला. प्रवेश रद्द झालेला नाही. टर्म गेली. पुढच्या वर्षी पहिल्या सेमिस्टरपासून बसता येईल असं लेखी देतो म्हणाले, आठ दिवसांनी या. शिष्यवृत्तीचं जिल्हा कार्यालयात वेगळं विचारायला सांगितलं आहे, तिथंही अर्ज देऊन आलो.

एक सांगतो. बाप कॉलेजच्या फाटकाशी चपला काढून आत गेला. मी म्हटलं, घाला हो. तर म्हणे, फरशी लय चकचकीत आहे. पोरगी काहीच बोलली नाही. तिनं स्वतःच्याही काढल्या अन् दोघांच्या हातात धरून चालली.

तिच्या वर्गातली एक मुलगी पळत आली, "अगं, तू गेलीस कुठे? तुझी प्रॅक्टिकलची वही माझ्याकडे आहे." बिचारी फोन लावत होती, पण नंबर बंद. सिम बदललं होतं. म्हणजे 'ये' म्हणणारं कोणीतरी होतं, ऐकू येत नव्हतं एवढंच.

शाळामास्तरीण
९ फेब्रुवारी, रात्री ९:३०

त्या चपला. काही लिहवत नाही.

मधल्या मोकळ्या महिन्यांचं काय करतेय ती? फार्मसीच्या पहिल्या सेमचं इनऑर्गॅनिक आणि ॲनॅलिसिस मी घेऊ शकते, फोनवर. आठवड्यातून दोनदा. तिनं रेंजमध्ये यावं एवढंच.

झेरॉक्सवाला
९ फेब्रुवारी, रात्री ९:३४

दुकानात येईल. मागं गोदाम आहे, वायफाय पोचते. बुधवार अन् शनिवार ठेवू? शनिवारी आठवडी बाजार, ती तशी पण गावात असते.

आत्ता दोन नियम केले आहेत दुकानापुरते. फॉर्म भरायला आलेल्या प्रत्येक पोराचा अन् घरच्या आणखी एकाचा नंबर रजिस्टरात. दसऱ्याच्या आत सगळ्यांना एक फोन. गादीचा फोन म्हणतो आम्ही त्याले, पोरगा दुकानात बसतो त्यालाही तेच नाव सांगितलं आहे. त्यानं विचारलं, कोणती गादी?

तांड्यावरचा
९ फेब्रुवारी, रात्री ११:५५

😄 त्या नांदेडच्या दादाले स्क्रीनशॉट पाठवला. म्हणतो, गादी शेवटी उंदरानं खाल्लीच होती.

पुणेकर_सध्या
३० जून, संध्याकाळी ७:१८

ठरल्याप्रमाणं पाच जणांचे प्रत्येकी दहा हजार जमवले आहेत. आम्ही सात जण आहोत. कोणाला किती कधी द्यायचे ते तुम्ही ठरवा, आम्ही विचारणार नाही. एका मित्रानं नागपुरात बदली झाल्याचं कळवलंय, त्याचं काही काम असेल तर सांगा.

झेरॉक्सवाला
२१ ऑगस्ट, रात्री ८:४०

काम आहे. आपली पोरगी सोमवारी निघते. वसतिगृहाचा अर्ज या वेळी वेळेत गेला, यादी अजून नाही. तोवर खोली, पर्लकोटा ताईंच्या ओळखीच्या एका नर्सबाईंकडं. सोबत यंदाची नवी एक आहे, बेड्यावरची, पारधी समाजाची. तिला बी.एस्सी.ला मिळालं. ती आयुष्यात पहिल्यांदा नागपूर पाहणार. तिच्या मायनं एसटीत बसवून द्यायलाही येणार नाही म्हटलं, रडू येते म्हणे.

गावांची नावं कोणी विचारू नका इथं.

सकाळची सव्वासहाची गाडी. महिलांचं अर्धं तिकीट आहे, दोघींच्या भाड्याची सोय झाली. गणेशपेठ स्टँडला दुपारच्या आत लागते. पुणेकर, तुमचे मित्र तिथं येऊ शकतील का? सामान जास्त आहे. दोन गाद्या आहेत.

पुणेकर_सध्या
२१ ऑगस्ट, रात्री ८:५२

येतो म्हणतोय. कुठल्या फलाटावर थांबू विचारतोय.